तुळस वाळली, तर दोष कुणाचा?

तुळशीचे लग्न थाटात लागते. वृंदावनाला गेरू लावून होतो, ऊस, चिंचा, आवळे वाहून होतात, अंतरपाट दूर होतो. आणि महिना-दीड महिन्याने, मार्गशीर्ष सरता सरता, तीच तुळस पाने गाळायला लागते. पौषात बघावे तर नुसत्या काड्या! मग घरात कुजबूज सुरू होते. ‘तुळस जळाली, म्हणजे घरावर काही तरी येणार,’ असे कुणी थोरले माणूस म्हणते. कुणी विचारते, ‘पाणी कोण घालत होतं?’ पाणी घालणारी बहुतेक घरांत सूनच असते. ती नवी असेल, तर ‘तिच्या हाताला गुण नाही’ असे ठरून जाते. त्याहून वाईट म्हणजे, ‘बाहेरची असताना हात लावला असेल,’ हेही हळूच बोलले जाते.

हे ऐकून घेणाऱ्या मुली आज शिकलेल्या असतात, नोकऱ्या करणाऱ्या असतात. ‘असं काही नसतं हो,’ म्हणून त्या हसण्यावारी नेतात. पण आत कुठे तरी टोचतेच. म्हणून आज बागकामाच्या निमित्ताने हा विषय नीट बोलून टाकू या. थंडीत आपल्या दारातल्या कोवळ्या झाडांना काय होते, का होते आणि आपण काय करायचे, एवढे कळले तर बरीच झाडे वाचतील. आणि एखादीच्या डोळ्यांतले पाणीही वाचेल.

एक साधा हिशोब मांडू. पाळी दर महिन्याला येते. शिवाशीव कुणी पाळो न पाळो, घरातल्या बायकांचा हात तुळशीला बाराही महिने लागतो. मग तुळस ज्येष्ठात, श्रावणात का नाही जळत? मार्गशीर्ष-पौषातच का? कारण ती ज्याला भिते, ती थंडी याच दिवसांत असते. तुळस हे उष्ण हवेतले झुडूप. रात्रीचा पारा १५ अंशांखाली उतरू लागला की साधारणपणे तिची वाढ मंदावते. १० अंशांच्या खाली गेला की पाने काळवंडतात आणि गळतात. त्यातच तिला मंजिऱ्या लगडलेल्या असतात आणि बी धरण्यात झाडाची सारी शक्ती खर्ची पडत असते. शिवाय तुळस काही वडा-पिंपळासारखी शंभर वर्षे जगणारी नाही. चांगली निगा राखली तरी दोन-तीन वर्षांत तिचे खोड लाकडासारखे जून होते आणि जून झालेल्या तुळशीला एक कडक हिवाळा पुरतो. यात कुणाच्या हाताचा गुण नाही की दोष नाही.

थंडी येते कशी?

आमचे राहू हे दौंड तालुक्यातले गाव. एका अंगाला भीमा, तिच्यापलीकडे शिरूर तालुका. दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. मधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. चहूकडे ऊस आणि गुऱ्हाळे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पडले, की गावठाणात लागते त्यापेक्षा जास्त थंडी नदीकाठच्या मळ्यात लागते. याचे कारण सोपे आहे. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने सरकत जाऊन खोलगट जागी साचते. शहरातही हेच घडते. ओढ्याकाठची घरे, बंगल्याच्या आवारातला सखल कोपरा, कुंपणाच्या भिंतीने अडलेला वाफा, अशा ठिकाणी थंडी जास्त मुक्काम करते. म्हणून कोवळ्या झाडाची कुंडी अशा कोपऱ्यातून उचलून दोन पायऱ्या वर ठेवली, तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट आकाशाची. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत असते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती ऊब धरून ठेवतात. आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की ऊब सरळ निघून जाते. म्हणून ज्या रात्री चांदण्या लख्ख दिसतात, तिच्या पहाटेलाच दातावर दात वाजतात. वर्तमानपत्रात छापून येणारे किमान तापमान जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. अशा रात्री उघड्या जमिनीलगत तेच आणखी काही अंशांनी खाली असते. तेव्हा पेपरात किंवा मोबाइलवर ९ अंश दिसले, तर उघड्या वाफ्यातल्या रोपाने त्याहून जास्त थंडी सोसली, असे समजावे.

‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?’ असे म्हणून मात्र भागत नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ या दिवशी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. डिसेंबर २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला तो २ अंशांच्या आसपास गेला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. जळगावकडे थंडीने केळीची पाने पिवळी पडून करपतात, वाढ खुंटते. तिकडचे शेतकरी त्याला ‘चरका’ म्हणतात. बर्फ न पडताही कोवळे झाड जायबंदी होते, ते असे.

मायेचा तांब्या

मला तर वाटते, घरच्या कुंड्यांतली झाडे थंडीने मरतात त्याहून जास्त आपल्या मायेने मरतात. थंडीत ऊन कोवळे, दिवस लहान. पानांतून पाणी कमी उडते, मुळेही संथपणे काम करतात. मे महिन्यात सकाळी भरलेली कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी होते. तीच पौषात तीन-चार दिवस ओली राहते. आपण मात्र नेमाने रोज तांब्या ओततो. गार पाणी मुळांपाशी साचते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात. मुळे कुजली की पाने माना टाकतात. ते बघून आपण म्हणतो, ‘अगंबाई, पाणी कमी पडलं वाटतं!’ आणि आणखी एक तांब्या ओततो.

म्हणून थंडीत पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून बघावे. दोन पेरे खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर तिच्या वजनावरूनही कळते. पाणी सकाळी ऊन आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती जरा सुकते. संध्याकाळी पाने भिजवू नयेत. भिजल्या पानांवर बुरशी लवकर धरते. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते, ते चांगले. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेले पाणी मात्र बादलीत काढून तासभर उन्हात ठेवावे आणि मग घालावे.

जमिनीत लावलेल्या झाडांचे थोडे वेगळे आहे. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि ती रात्री हळूहळू सोडते. म्हणून थंडीची लाट येणार असे कळले, तर वाफ्याला आदल्या सकाळी हलके पाणी द्यावे. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेला विहिरीचे पाणी सोडतात, त्यामागे हाच विचार असतो. ते शेकोट्या पेटवून धूरही करतात. पण आपल्या दाट वस्तीत तो प्रयोग नको. झाडे वाचायची बाजूला राहतील आणि शेजारच्या आजोबांना खोकला लागेल.

पांघरूण केव्हा आणि कसे?

झाडाला पांघरूण घातले म्हणजे झाड गरम होते, असे नाही. जमिनीतून निघणारी ऊब ते धरून ठेवते, इतकेच त्याचे काम. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. पांघरूण जमिनीपर्यंत पोचले पाहिजे. वर नुसते टोपडे बांधून उपयोग नाही. आणि ते सूर्य मावळण्याच्या सुमारास घातले पाहिजे. रात्री जेवणे आटोपून दहा वाजता आठवण झाली, तोवर निम्मी ऊब निघून गेलेली असते. सकाळी ऊन अंगावर आले की पांघरूण काढून टाकावे, नाही तर आत दमटपणा राहून पाने कुजतात.

यासाठी विकत काहीच आणायला नको. धान्याचे गोणपाट, जुने धोतर, विटलेली सुती साडी, काहीही चालते. झाडाभोवती चार काठ्या रोवून त्यांवर कापड टाकावे, म्हणजे ते पानांना चिकटत नाही. प्लास्टिकचा कागद शक्यतो नको. तो जिथे पानाला टेकतो, तिथले पान थंडीने काळे पडते आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत झाड उकडून निघते. मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या लहान रोपांवर रात्री बांबूची पाटी किंवा कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घातले तरी काम होते.

जमिनीलाही पांघरूण हवे. ऊस तुटून गेला की फडात पाचट राहते. आमच्याकडे ते पुष्कळ जण पेटवून देतात आणि गावभर काळी काजळी उडते. तेच पाचट झाडाच्या बुडाशी दोन-तीन इंच पसरले, तर मुळे उबेत राहतात आणि ओलही टिकते. शहरात पाचट मिळाले नाही तर वाळला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, गव्हाचे काड घ्यावे. मात्र खोडाला ते चिकटवू नये; खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी.

जागेचाही विचार करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी बाराला तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, अगदी डोक्यावर येतच नाही. त्यामुळे उत्तरेकडच्या गॅलरीत या दिवसांत ऊनच येत नाही, आणि दक्षिणेकडची गॅलरी उन्हाने भरते. तेव्हा नाजूक कुंड्या दोन महिने दक्षिणेकडे किंवा पश्चिमेच्या भिंतीशी माहेरी पाठवाव्यात. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती ऊब कुंडीला देते. उत्तरेकडून वारा येत असेल, तर त्या बाजूला तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करावा.

खत आणि कात्री बंद

‘झाड सुकतंय, जरा खत घालू,’ हा दुसरा मायेचा प्रकार. दिवाळीनंतर युरियासारखी खते कोवळ्या झाडांना देऊ नयेत. त्याने लुसलुशीत फूट येते आणि थंडी तिच्यावरच आधी हात टाकते. ताजे शेण तर मुळीच नको. चांगले कुजलेले, मातीसारखा वास येणारे शेणखत मूठभर वरून पसरले, तर पांघरुणाचेही काम होते.

तीच गोष्ट छाटणीची. थंडीने काळवंडलेली फांदी बघवत नाही, हे खरे. पण ती लगेच कापू नये. वरची वाळली पाने आतल्या डोळ्यांना आडोसा देत असतात. शिवाय छाटले की झाड नवी फूट काढायला धडपडते आणि ती फूटही गारठते. रथसप्तमीपर्यंत धीर धरावा. मग नखाने साल जराशी खरवडून बघावी. आत हिरवी दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी असेल तिथपर्यंतच कापावे.

कुणाला काय हवे?

कढीलिंब: थंडीत याची पाने पिवळी पडून गळतात. तो मेला असे समजू नये. तो विश्रांती घेतो आहे. पाणी निम्मे करावे, फेब्रुवारीत शेंडे छाटावेत, उन्हाळ्याच्या तोंडी तो पुन्हा फुटतो.

मोगरा: डिसेंबरात याला पाणी कमी करून आराम द्यावा. जानेवारीअखेर छाटून, माती हलवून शेणखत द्यावे, म्हणजे चैत्रात वेणीपुरता मोगरा घरचा.

जास्वंद: उन्हाच्या भिंतीशी ठेवावी. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे ढेकूण दिसले तर साबणाच्या सौम्य पाण्याने सकाळी पुसून काढावेत.

नागवेल: हिला थंड वारा सोसत नाही. उत्तरेकडून आडोसा करावा, माती ओलसर ठेवावी पण पाणी तुंबू देऊ नये.

केळ आणि पपई: केळीची करपलेली पाने थंडी सरेपर्यंत तशीच राहू द्यावीत; घड असेल तर तो गोणपाटाने झाकावा. पपईच्या बुंध्याशी मातीची भर घालावी, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही.

हळद, आले, अळू: यांची पाने वाळणे हे आजारपण नाही. हळद-आले काढायला आल्याची ती खूण असते. पाणी थांबवावे आणि पाने पुरती वाळली की गड्डे खणून काढावेत. मे फ्लॉवरचे कांदेही असेच झोपतात. त्यांना मार्चपर्यंत जागे करू नये.

मनीप्लँट, क्रोटन: यांना रात्री उघड्यावर ठेवू नये. गार फरशीवर कुंडी थेट न टेकवता खाली फळी किंवा दोन विटा ठेवाव्यात.

आणि थंडी सगळ्यांचीच वैरीण आहे असेही नाही बरे का! शेवंती, ॲस्टर, गुलाब यांचे हे सणाचे दिवस. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, ते उगीच नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, सगळे याच हवेत गोड होतात. तुळशीशेजारी एक कुंडी मेथीची पेरली, तर रिकाम्या हाताने तांब्या परत न्यावा लागणार नाही. कसा, ते पुढे सांगते.

आता तुळशीचे

पहिले काम वृंदावनाचे. सिमेंटच्या पुष्कळ वृंदावनांना तळाशी पाणी जायला भोकच नसते, किंवा असले तरी ते मातीने बुजलेले असते. तार घालून मोकळे करावे. भोक नसेल, तर तुळस साध्या मातीच्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवावी. थंडीच्या रात्री ती उचलून आतही घेता येते.

दुसरे काम रोजच्या पाण्याचे. ‘तुळशीला पाणी घालू नका’ असे सांगितले तर घरात महाभारत होईल. त्याला एक उपाय आहे. तांब्यातले पळीभर पाणी तुळशीला घालावे, नमस्कार करावा, उरलेले शेजारच्या मेथीला घालावे. भक्तीत काही उणे पडत नाही आणि मुळेही कुजत नाहीत. एकादशीला तुळशीला पाणी न घालण्याची रीत काही घरांत आहे, ती या दिवसांत सोयीचीच. दूध, साखर, हळद-कुंकू मातीत न टाकता वृंदावनाच्या कोनाड्याशी वाहावे. मातीत गेले की मुंग्या आणि बुरशी येते. निरांजन पानांपासून हातभर लांब ठेवावे.

तिसरे काम मंजिऱ्यांचे. लग्न लागले की मंजिऱ्या खुडायला सुरुवात करावी. ‘मंजिरी तोडू नये’ म्हणणाऱ्यांना सांगावे की देवाला वाहायला म्हणून खुडते आहे. ते खोटेही नाही. तपकिरी झालेल्या, जून मंजिऱ्या तेवढ्या बियांसाठी वेगळ्या काढून सावलीत वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. बी अगदी बारीक असते. थंडी गेल्यावर किंवा जूनमध्ये ते ओल्या मातीवर भुरभुरावे, वरून मातीचा नुसता हात फिरवावा. खोल पुरू नये.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे जोडीची तुळस. नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान तुळशीची बोटभर लांबीची, मंजिरी न आलेली कोवळी फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि पाण्याच्या पेल्यात खिडकीशी ठेवावी. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग ती लहान कुंडीत लावून स्वयंपाकघराच्या उन्हाच्या खिडकीत ठेवावी. अंगणातली गेली, तरी तिचीच लेक घरात असते. वृंदावन एक दिवसही ओस पडत नाही आणि कुजबुजीला जागाच उरत नाही.

एवढे करूनही एखादी तुळस जाईल. ज्यांच्या हाताखाली शेकडो कुंड्या असतात, त्या रोपवाटिकांतही थंडीत तुळशी पाने टाकतात. मग घरातल्या थोरल्यांनी, निदान आपल्यापैकी ज्या आता सासवा झाल्या आहेत त्यांनी, एवढे करावे: सुनेला विचारण्याआधी कुंडीच्या मातीत बोट घालून बघावे. आपल्या काळी आपण ऐकून घेतले, म्हणून तिनेही ऐकावे, असे कुठे आहे? पाळीच्या दिवसांत हात लागल्याने झाड वाळत नाही. ज्या घरांत हे मानत नाहीत, तिथल्या तुळशी ज्येष्ठ-आषाढात डवरलेल्याच असतात. हे ठामपणे म्हणायला घरात एक जण लागते. ती आपणच का होऊ नये?

संक्रांतीला आपण वाण लुटतो. प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणाच्या वड्या यांनी सगळ्यांचीच कपाटे भरली आहेत. यंदा रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला तुळशीच्या बियांची कागदी पुडी वाटून बघा. वर तीन ओळी लिहा: ‘जूनमध्ये पेरावे. थंडीत पाणी कमी. वाळली तर पुन्हा पेरावे.’ खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि ज्या नव्या सुनेच्या हातात ती पुडी पडेल, तिला पुढच्या पौषात दोष ऐकण्याऐवजी नवे रोप लावता येईल.